वर्तुळात शिरायचं, आणि बाहेरही पडायचं

मागच्या महिन्यात आमच्या टीमची ऑफसाइट लोणावळ्याला होती. 'टीम बिल्डिंग' म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो (डोळ्यांना पट्टी बांधून बॉल पास करणे वगैरे!). पण या वेळी हॉलमध्ये चाळीस खुर्च्या गोल मांडलेल्या आणि प्रत्येक खुर्चीसमोर एक जेम्बे. याला म्हणतात ड्रम सर्कल. मधे एक बाई उभ्या राहिल्या आणि एक अक्षर न बोलता, नुसत्या हातांच्या खुणांनी, त्यांनी आमच्याकडून वीस मिनिटं वाजवून घेतलं. टेस्टिंगवाले, एचआरवाले, वाढदिवसाला टाळ्याही तालात न वाजवणारे आमचे मॅनेजर... सगळे वाजवत होते!

मग त्यांनी विचारलं, "कोणाला मधे यायचंय?" मी पुण्यात तीन वर्षं पथकात ढोल वाजवलेला. मी कशाला मागे राहतोय? गेलो. दोन मिनिटांत लय अशी काही पळाली की शेवटी नुसता गोंगाट उरला. मी जितके हातवारे करत होतो तितका तो वाढत होता. बाई हसून म्हणाल्या, "तुम्ही मधे फार वेळ थांबलात." एवढंच. पण ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून गेले तीन वीकेंड हेच वाचत बसलोय. आणि मंडळी, हा इतिहास लोणावळ्यापासून फार म्हणजे फारच लांब सुरू होतो.

सप्टेंबर १७३९. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनात, स्टोनो नदीजवळ, साधारण वीस गुलामांनी बंड केलं. ड्रम वाजवत ते निघाले आणि वाटेत माणसं येऊन मिळत गेली. बंड मोडलं गेलं, पण मळेवाल्यांना धडकी भरली. १७४० साली त्यांनी कायदा केला. त्यात गुलामांना लिहायला शिकवण्यावर बंदी आली आणि त्यांच्या ड्रम, शिंगं अशा मोठ्या आवाजाच्या वाद्यांवरही. विचार करा, लिहिणं आणि ड्रम एकाच कायद्यात! कारण सरळ आहे. दोन्हींनी निरोप जातो आणि माणसं जमतात.

न्यू ऑर्लिन्सला थोडी वेगळी गोष्ट घडली. तिथे १८१७ मध्ये नियम झाला की गुलामांनी फक्त रविवारी आणि महापौरांनी ठरवलेल्या जागीच जमायचं. ती जागा पुढे काँगो स्क्वेअर म्हणून ओळखली गेली. १८१९ मध्ये बेंजामिन लॅट्रोब नावाचा वास्तुविशारद (वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलवर काम केलेला) फिरत फिरत तिथे पोचला. पाच-सहाशे माणसं छोट्या छोट्या वर्तुळांत जमलेली आणि एक म्हातारा ड्रमवर घोड्यासारखी मांड टाकून भन्नाट वेगाने वाजवतोय, असं त्याने डायरीत लिहून ठेवलंय. त्याला स्वतःला ते अजिबात आवडलं नव्हतं. पण त्याने लिहिलं म्हणून आज आपल्याला कळतं.

यानंतर थेट १९५० ला येऊ. बाबातुंडे ओलाटुंजी नावाचा नायजेरियन तरुण स्कॉलरशिपवर अटलांटाला शिकायला आला. १९६० मध्ये त्याचा 'ड्रम्स ऑफ पॅशन' हा अल्बम आला आणि तुफान खपला. हार्लेममध्ये त्याने आफ्रिकन संस्कृतीचं केंद्र काढलं. पुढे अनेक वर्षं तो अमेरिकाभर ड्रम शिकवत फिरला, ज्यांनी कधी ड्रमला हातही लावला नव्हता अशा लोकांनासुद्धा.

दुसरा धागा कॅलिफोर्नियातला. ग्रेटफुल डेड या बँडचा ड्रमर मिकी हार्ट आणि आपले झाकीर हुसेन यांची तिथे गट्टी जमली. अली अकबर खाँसाहेबांच्या तिथल्या कॉलेजातल्या तालवाद्यांच्या गटातून 'दिगा ऱ्हिदम बँड' उभा राहिला आणि १९७६ ला त्यांचा अल्बम आला. १९९१ च्या 'प्लॅनेट ड्रम'मध्ये हार्ट, ओलाटुंजी, झाकीरभाई, विक्कू विनायकराम सगळे एकत्र! त्याच वर्षी हार्टने अमेरिकन सिनेटच्या समितीसमोर साक्ष दिली की म्हाताऱ्या माणसांसाठी ड्रम वाजवणं उपयोगाचं आहे. १७४० चा कायदा आठवतोय ना? तेच वाद्य, तोच देश.

आणि आता माझ्या फजितीचा मुद्दा. सँटा क्रुझचा आर्थर हल हा माणूस वर्षानुवर्षं तिथल्या विद्यापीठात ड्रम शिकवत होता. कधीच न वाजवलेल्या माणसांचं वर्तुळ कसं चालवायचं याची त्याने पद्धतच बसवली. १९९८ मध्ये त्याचं त्यावर पुस्तकही आलं. आवाज वाढवा, कमी करा, सगळे थांबा, अर्धे वाजवा अर्धे ऐका, अशा खुणा ठरलेल्या. पण त्याचा सगळ्यात प्रसिद्ध नियम वेगळाच आहे: वाटेतून बाजूला व्हा! खूण द्या, बदल घडवा आणि लगेच वर्तुळाबाहेर या. मग लोक तुमच्याकडे बघणं सोडून एकमेकांचं ऐकायला लागतात. आणि लय पळायला लागली तर हात जोरात हलवायचे नाहीत. जाड आवाजाचे ड्रम आणि घंटा ज्यांच्याकडे आहेत त्यांना धरायचं. ते स्थिर राहिले की बाकीचे आपोआप येतात.

पथकात हे लागत नाही. तिथे दोन महिने सराव झालेला असतो, ताशाने इशारा दिला की पुढचा हात सगळ्यांना पाठ. मी चाळीस अनोळखी हातांना पथक समजलो, तिथेच घोळ झाला. (आमच्या स्टँडअप मीटिंगमध्ये पण मी हेच करतो, असं आमची टेस्टर म्हणते. तो विषय नंतर!)

एक गोष्ट मात्र खटकते. ऑफसाइटच्या त्या दोन तासांत स्टोनोचं नाव कोणी घेत नाही. लंचच्या आधीची मजा, फोटो, झालं. मजा करू नये असं नाही. पण ज्या वाद्याला लोक जमवतं म्हणून बंदी होती, ते आज लोक जमवायलाच मागवतात, एवढं तरी कोणी सांगायला हवं.

असो. गेल्या शनिवारी सोसायटीतली बारा पोरं, बादल्या आणि डबे घेऊन मी परत प्रयत्न केला. सुरुवात करून दिली आणि जाऊन जिन्यावर बसलो. चार मिनिटं टिकली लय! मग खालच्या मजल्यावरचे काका आले. त्यांनी बंदी घातली नाही, फक्त पाचनंतर वाजवा म्हणाले.