गोड वासाचे झाड

गेल्या दिवाळीत कॅलिफोर्नियातला माझा भाचा घरी आला होता. फराळ चालला असताना त्याने फोनवर तिकडच्या एका दुकानाचे चित्र दाखविले. काचेच्या बरण्या, त्यांवर अननस, पेरू, मलईचा केक अशी नावे. मी म्हटले, "मिठाईचे दुकान दिसते."

"मामा, गांजा आहे हा! २०१८ पासून तिकडे प्रौढांना परवान्याच्या दुकानात उघड मिळतो. संकर करून फळाचा नि पक्वान्नाचा वास आणलाय."

माझी बहीण चकल्यांचे ताट उचलून तडक आत गेली.

मला मात्र गोव्याचा एक जुना वैद्य आठवला. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा हिंदुस्थानातील औषधींवरचा संवादग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात भांगेचे एक प्रकरण आहे. पानांची पूड, तीत जायफळ, जायपत्री, लवंग, कापूर आणि साखर. या पाकाला माजूम म्हणत. ऑर्ता सांगतो की, गुजरातचा सुलतान बहादूरशहा मार्तिम आफोन्सो द सौझाजवळ एकदा बोलून गेला : रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्थान, कोठेही जावेसे वाटले की आपण थोडी भांग घेतो. गलबत नको की खलाशी नकोत!

तेव्हा गोडवा जुनाच. फक्त तो तेव्हा स्वयंपाकघरातून येई. आता तो झाडाच्या अंगातूनच काढतात. लिनियसने १७५३ साली या झाडाला 'कॅनाबिस सटायव्हा' म्हटले. लामार्कने १७८५ साली हिंदुस्थानातून आलेल्या नमुन्यांवरून 'इंडिका' ही जात वेगळी काढली. या दोन नावांच्या वाणांची इतकी सरमिसळ झाली आहे की, आजचा संकर म्हणजे बहुधा संकरांचाच संकर. संत्र्याच्या सालीतले लिमोनीन, आंब्यातले मिर्सीन, मिरी-लवंगेतले कॅरिओफिलीन ही सुगंधी द्रव्ये त्याच्या फुलांच्या चिकात सापडतात. गंमत पुढेच आहे. उष्ण प्रदेशातल्या फळांचा जो खास दरवळ, त्याचे मूळ काही वाणांत गंधकयुक्त द्रव्यांच्या अगदी सूक्ष्म अंशात आहे, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. त्याच कुळातली द्रव्ये पेरूतही असतात. गंधक म्हटले की आपल्याला फटाके आठवतात!

बिनबियांचे फूल हीसुद्धा कॅलिफोर्नियाची मिरास नव्हे. १८९३-९४ साली सरकारने नेमलेल्या आयोगाच्या अहवालात बंगालमधल्या नौगाव भागातील (आता बांगलादेशातील) शेतीचे वर्णन आहे. तिथे 'पोद्दार' नावाचा जाणकार शेतात फिरून नर झाडे ओळखून काढून टाकी, म्हणजे मादी फुलात बी न धरता चीक भरे. या देशात गांजा १९८५ च्या कायद्याने बंद झाला. भांगेची पाने त्या व्याख्येबाहेर राहिली.

आणि त्या पानांशी माझी ओळख आहे. मी आठ वर्षांचा असताना होळीला शेजारून आलेल्या बर्फीच्या दोन वड्या मी खाल्ल्या. तासाभराने भिंती सरकू लागल्या. मी रडत होतो की हसत होतो, ते मला आजही सांगता येत नाही. आजी रात्रभर उशाशी माझे पाय चोळीत बसली होती. शेजाऱ्यांनी मुद्दाम केले नव्हते. ताट चुकले होते. पण बर्फीला वास खव्याचा आणि वेलचीचाच होता ना! कडू असती तर मी पहिल्याच घासाला थुंकलो असतो.

ही तर पाने. अमेरिकेत जप्त केलेल्या मालात नशेच्या द्रव्याचे प्रमाण १९९५ साली सुमारे ४ टक्के होते, ते २०१४ साली सुमारे १२ टक्क्यांवर गेले. नाव मात्र मलईच्या केकचे.

भाच्याची चार वर्षांची मुलगी शेजारीच बसून करंजीतले सारण तेवढे वेचून खात होती.

"असली बरणी घरात असली तर ठेवतात कुठे रे?" मी सहज विचारावे तसे विचारले.

"वरच्या फळीवर," तो म्हणाला. आणि मग मुलीकडे पाहत राहिला.