वाळूवर उतरणारं विमान

वाडीसाठी गाडी मागायला गेलं की आपल्याला पहिला प्रश्न येतो, "तुम्ही माणसं किती?" मागच्या बैठकीत यावरूनच बोलणं निघालं, तेव्हा आम्ही गटाला स्कॉटलंडच्या बेटांची हकिकत सांगितली. तीच आज तुम्हाला सांगतो.

स्कॉटलंड म्हणजे ब्रिटनचा उत्तरेकडचा भाग. त्याच्या पश्चिमेला समुद्रात लहान लहान बेटं आहेत. तिथं कुणी अत्यवस्थ झालं, की आधी बोट आणि मग पुढचा रस्ता. समुद्र खवळला की तेही बंद. 14 मे 1933 ला आयला बेटावरच्या एका आजारी मच्छीमाराला लहान विमानातून ग्लासगोकडे नेलं. स्कॉटलंडमधली विमानाची रुग्णवाहिका सुरू झाली ती अशी. विमान एका खासगी कंपनीचं होतं. ती कंपनी पुढच्याच वर्षी बंद पडली, पण दुसऱ्यांनी काम उचललं.

बॅरा नावाच्या बेटावर तर 1936 पासून विमान चक्क समुद्राच्या पुळणीवर उतरतं. भरती आली की धावपट्टी पाण्याखाली! म्हणून विमानाची वेळ भरती-ओहोटी बघून ठरते. त्याच वाळूत लोक शिंपल्या गोळा करतात. वारा दाखवणारी कापडी नळी वर चढली, की वाळूवर जायचं नाही. आपल्या कोकणातल्या तिसऱ्या काढणाऱ्या बायकांना हे ऐकून हसू येईल.

रुग्णाबरोबर जायच्या त्या ग्लासगोच्या सदर्न जनरल हॉस्पिटलमधल्या नर्स. त्या स्वखुशीनं नाव देत. रात्र असो, वादळ असो. 28 सप्टेंबर 1957 ला आयलावरच्या रुग्णाला आणायला निघालेलं विमान खराब हवेत उतरताना कोसळलं. वैमानिक, रेडिओ अधिकारी आणि सिस्टर जीन केनेडी, तिघंही गेले. रुग्ण खाली वाट बघत होता. हे सांगताना बैठकीत कुणी बोललं नाही. पुढे एका विमानाला सिस्टर जीन केनेडींचं नाव दिलं.

आता पैशाचं. बॅरावर माणसं हजार-बाराशे. एवढ्या तिकिटांवर विमान चालत नाही, आणि ते नफ्यात यावं अशी अट कुणी घातलेलीही नाही. रस्त्याला जसा सरकारी पैसा लागतो तसाच तो या मार्गाला लागतो, असं धरून तिथलं सरकार तूट भरतं. शिवाय 2006 पासून बेटावरच्या रहिवाशांना भाड्यात सूट आहे. त्यामुळे दवाखान्याबरोबर लग्नाला, परीक्षेला, लेकीकडे जाणंही जमतं.

आमच्या गटातल्या एका आजीनं लगेच विचारलं, "मग तिथं माणसं मोजत नाहीत?" मोजतात, आजी. सूट कुणाकुणाला द्यायची, ते ठरवायला मोजतात.