जोशीबुवांचा प्रवेश बसवताना

मराठी नाटकाचा इतिहास शिकवताना आपण १८४३ साली सांगलीस झालेल्या विष्णुदास भाव्यांच्या 'सीता स्वयंवरा'पासून निघतो आणि थेट किर्लोस्करांशी येऊन थांबतो. मधले १८५५ हे साल सुटते. त्या साली जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठविले आणि कमिटीने ते नाकारले. पेशवाईत पुण्यास ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटली जाई, तिच्याच निधीतून इंग्रजी अमलात ग्रंथांना बक्षिसे देणारी ही कमिटी. आणि नाटकाचा विषय काय, तर गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालून दक्षिणा उकळणारा जोशी! हे नाटक छापले गेले ते १९७९ साली, 'पुरोगामी सत्यशोधक'मध्ये. मधे १२४ वर्षे गेली.

छापलेच गेले नाही, त्या नाटकामागे प्रयोगाची परंपरा कशी उभी राहणार? 'सौभद्र' बसविणाऱ्याच्या कानावर जुन्या नटांच्या चाली असतात. आमच्या नाट्यवर्गाने यंदा जोशाचा प्रवेश तालमीला घेतला, तेव्हा विदूषकाने कुठे उभे राहावे इथपासून आम्हालाच ठरवावे लागले. संस्कृत नाटकातला विदूषक हा ब्राह्मण, खादाड, नायकाचा सोबती. फुल्यांनी त्याच्याकडून हे सारे काढून घेतले आणि जोशाची लबाडी उघडी करण्याचे काम त्याला दिले. म्हणून आम्ही त्याला प्रेक्षकांच्या बाजूला उभे केले.

खरी अडचण बाईची होती. पहिल्या तालमीत मुलीने तिला भोळसट केले, आणि बघणारी मुले खो खो हसली. हसू जोशावर यायला हवे होते, ते बाईवर आले. बहुजनांच्या अज्ञानावर हसण्याची सवय आपल्याही पोरांना लागली आहे, ती त्यांनी पडद्यावरूनच उचलली असणार. त्या काळी बाळंतपण म्हणजे जिवाशी गाठ. बाईची भीती खरी आहे; जोशी फक्त तिच्यावर आपले दुकान मांडतो. हे सांगितल्यावर मुलीने घाबरण्याचा अभिनय सोडला आणि नुसती ऐकू लागली. प्रवेश तिथे उभा राहिला.

मग विदूषक करणाऱ्या मुलाने विचारले, "सर, यात आपला वाडा कुठंय?"

प्रश्न रास्त होता. हा जोशी कुणब्याच्या दारात येतो. महारामांगाच्या दारात तो यायचाच नाही. याचे उत्तर त्याच सालात सापडते. १८५५ सालीच फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग मुलीचा महारामांगांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदया'त आला. आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते, हे तिने त्यात लिहिले आहे. एकाच साली गुरूने आणि विद्यार्थिनीने गरोदर बाई पाहिली: एकीला धर्माच्या नावाने लुबाडतात, दुसरीला त्याच धर्माने उघड्यावर टाकले आहे.

निबंधाचा भाग प्रवेशातच गुंफावा, असे मुलांचे म्हणणे पडले. एका सहकाऱ्यांनी संहितेत ढवळाढवळ नको म्हणून हरकत घेतली, ती मला पटली. इतक्या वर्षांनी हाती आलेल्या नाटकाला आपण लगेच कात्री-सुई लावू नये. म्हणून मुक्ताचा मजकूर पडदा उघडण्यापूर्वी वाचायचा ठरला. वाचणारीला एवढेच सांगितले की रडक्या आवाजात वाचू नकोस. मुक्ताने तो गाऱ्हाणे म्हणून लिहिलेला नाही, ती जाब विचारते आहे.