कंपवाताचे सोबती

कंपवात अर्थात पार्किन्सन्स या आजाराचे पहिले तपशीलवार वर्णन लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली केले. मेंदूतील डोपामाइन हे रसायन कमी पडू लागले की शरीराच्या हालचाली मंदावतात. हाताची थरथर सर्वांना दिसते. परंतु आवाज खोल जाणे, अक्षर बारीक होणे, चेहऱ्यावरील भाव हरपणे ही लक्षणे घरच्यांनाही चटकन उमगत नाहीत. 'मुद्दाम करतात' असा समज होतो आणि रुग्ण समारंभांना जाणे टाळू लागतो.

मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. बी. एस. सिंघल यांच्या पुढाकाराने २००१ साली मुंबईत 'पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी' स्थापन झाली. पुण्यातील 'पार्किन्सन्स मित्रमंडळ' हा मात्र रुग्ण व कुटुंबीयांनीच चालविलेला स्वमदत गट होय. सभा, घरभेटी, सहली आणि ११ एप्रिलच्या जागतिक पार्किन्सन्स दिनानिमित्त मेळावा असे त्याचे स्वरूप आहे.

अशा गटांत अनुभवाची देवाणघेवाण होते, आणि तीच खरी मोलाची. चालताना पाय जमिनीला खिळला तर समोर आडवी रेघ आहे असे मानून ती ओलांडावी, किंवा मनात ताल मोजावा. पाऊल पुष्कळदा सुटते. लेव्होडोपाची गोळी डाळ, दूध, अंडी अशा प्रथिनयुक्त आहाराबरोबर घेतल्यास तिचा प्रभाव उणावू शकतो, म्हणून तिची वेळ जपावी लागते. डॉक्टर हे सांगतातच. पण रोज निभावणाऱ्या माणसाकडून ऐकले की धीर येतो. रुग्णाची शुश्रूषा करून थकलेल्या पत्नीला तर दवाखान्यात कुणी काही विचारतही नाही.

बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर तालुक्यातील डोणगावसारख्या गावाहून पुण्याची सभा गाठणे अशा रुग्णाला जवळपास अशक्यच. भ्रमणध्वनीवरील व्हॉट्सअ‍ॅप समूहांनी हे अंतर पुसले आहे.

सोय आली, तसा धोकाही आला. खाजकुइलीच्या बियांचे चूर्ण 'निर्धोक वनौषधी' म्हणून सुचविले जाते. या बियांत लेव्होडोपाच असते! गोळ्या चालू असताना चूर्णही घेतले तर मात्रा नकळत वाढते. मळमळ, भास, अनावर हालचाली उद्भवू शकतात. एकाची मात्रा दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही. कुणाच्या सांगण्यावरून गोळी एकाएकी बंद करणे तर त्याहून घातक; तीव्र ताप आणि ताठरपणा येऊन रुग्णाची शुद्धही हरपू शकते.