लेखणीचा संप आणि दूरचित्रवाणी

खालापूर तालुक्यांत चौक गांवानजीक, परंतु कर्जतच्या नांवानें ओळखला जाणारा नितीन चंद्रकांत देसाई यांचा स्टुडिओ २००५ सालीं उभा राहिला. तेथील किल्ले कारागीर रचतात. त्यांत बोलणारा राजा मात्र कागदावर जन्मतो. ती लेखणीच थांबली तर?

अमेरिकेंतील लेखकांनीं ५ नोव्हेंबर २००७ रोजीं इंटरनेटवरील प्रक्षेपणाच्या उत्पन्नांत वाटा मागून संप पुकारला. तो १०० दिवस चालला. ताज्या घडामोडींवर रचले जाणारे रात्रींचे विनोदी कार्यक्रम तत्काळ बंद पडले. कथामालिका हातांतील संहितांवर कांहीं आठवडे तगल्या. संवादलेखनावांचून चालणाऱ्या स्पर्धांना उलट अधिक जागा मिळाली.

पुढच्याच वर्षीं, नोव्हेंबर २००८ मध्यें, मुंबईंतील चित्रकर्मचाऱ्यांनीं वेतनासाठीं काम थांबविलें. तो केवळ लेखकांचा संप नव्हता. परंतु दैनंदिन मालिकांजवळ शिल्लक भाग थोडे, म्हणून घरोघर जुनेच भाग पाहावे लागले. त्याच महिन्याच्या २४ तारखेस देसाई यांची ‘राजा शिवछत्रपती’ ही मालिका सुरू झाली.

उभारलेला किल्ला महिनेच्या महिने टिकतो; शब्दांवांचून त्यांतील दरबार एक दिवसहि भरत नाहीं. त्या शब्दांचें मोल प्रेक्षकांनींहि ओळखावें.