आईचा एक प्रश्न आणि यांगत्सेच्या तीन घळया

आजचा भाग एका एक्सेल शीटमधून निघालाय. आईबाबांना चीनला न्यायचं ठरवलंय, यांगत्से नदीवर. छुतांग, वू आणि शीलिंग अशा तीन घळया आहेत तिथे. चोंगचिंगला बोटीत बसायचं, तीन रात्री बोटीवर काढायच्या आणि चौथ्या दिवशी यिचांगला उतरायचं. शीटमध्ये रकाने तयार होते: व्हिसा, विमान, बोट, पेमेंटचं अ‍ॅप, आईचे गुडघे.

आईला फोटो दाखवला. दोन्ही बाजूंना उभे कडे आणि मधे हिरवं पाणी. चीनच्या दहा युआनच्या नोटेमागे हेच चित्र आहे. आई बघत राहिली आणि म्हणाली, "अरे, एवढी मोठी नदी आणि पाणी इतकं शांत? हे धरणाचं पाणी आहे. खालची गावं कुठं गेली?"

आता हे तिला एका फोटोवरून कसं कळलं? तर तिचं माहेर उजनी धरणाच्या पाण्याखाली आहे. गाव उठलं तेव्हा ती आठ वर्षांची होती. मी बीटेक केलेला माणूस, चार दिवस रेटिंग्ज वाचत होतो, पण हा प्रश्न काही मला पडला नव्हता. मग शीट बाजूला ठेवली आणि इतिहास वाचायला घेतला.

पूर्वी हे पाणी अजिबात शांत नव्हतं. खडक, भोवरे, खळाळ. प्रवाहाविरुद्ध बोट न्यायची तर माणसं काठावरून दोर खांद्यावर घेऊन ओढायची. काही ठिकाणी त्यांच्यासाठी कड्यातच वाट कोरलेली होती. पुढे आगबोटी आल्या, तरी अंधारात घळईतून जायची सोय नव्हती.

आता १९३८ साल बघा. जपानी सैन्य वुहानच्या दिशेने येत होतं आणि ऑक्टोबरच्या अखेरीस वुहान पडलं. कारखान्यांची यंत्रं आणि हजारो माणसं यिचांगला येऊन अडकली. वर चोंगचिंगला जायला घळयांचाच रस्ता. त्यात हिवाळ्यात पाणी उतरलं की मोठ्या बोटी बंद, म्हणजे हातात साधारण चाळीस दिवस. मिनशेंग नावाच्या बोट कंपनीचे लू झुओफू यांनी काय केलं, तर प्रवासाचे तुकडे पाडले. सगळ्यात जड आणि महत्त्वाचा माल थेट चोंगचिंगला. बाकीचा वाटेतच उतरवायचा आणि बोट लगेच परत फिरवायची. दिवसा प्रवास, रात्री चढ-उतार. वीस-पंचवीस बोटींवर सुमारे तीस हजार माणसं आणि नव्वद हजार टनांहून जास्त सामान वर गेलं. आम्ही ऑफिसात ज्याला शेड्युलिंग म्हणतो ते हेच, फक्त इथे चुकलं तर माणसं शत्रूच्या हाती लागणार होती.

आणि त्याच वर्षी, याच वाटेने आपला एक माणूस गेलाय. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस! भारतातून गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. हे पथक वुहान, यिचांग असं करत नदीमार्गे चोंगचिंगला पोचलं. तिथे कोटणीसांना वडील गेल्याची बातमी कळली. ते परत फिरले नाहीत. १९३९ मध्ये पुढे येनानला गेले आणि १९४२ मध्ये चीनमध्येच वारले. वय फक्त ३२.

मग धरण कधी आलं? कल्पना जुनी, सन यत-सेन यांनी १९१९ मध्येच मांडलेली. १९९२ मध्ये चीनच्या संसदेत मतदान झालं. बाजूने १७६७, विरोधात १७७ आणि तटस्थ ६६४. जिथे ठराव जवळपास एकमताने होतात, तिथे हा आकडा फार बोलका आहे. पत्रकार दाय छिंग यांनी तर या धरणाविरुद्ध १९८९ मध्ये पुस्तक काढलं होतं. पुस्तकावर बंदी आली आणि त्या तुरुंगात गेल्या. काम १९९४ मध्ये सुरू झालं, २००३ मध्ये पाणी अडवायला सुरुवात झाली आणि २०१० मध्ये पातळी समुद्रसपाटीपासून १७५ मीटरला पोचली. वीज २२,५०० मेगावॉट. पुराला लगाम बसला, मोठ्या बोटी चोंगचिंगपर्यंत जाऊ लागल्या. हे फायदे खरेच आहेत. आणि बारा लाखांहून जास्त माणसं उठली, हेही तितकंच खरं. फेंगज्ये, वूशान अशी जुनी शहरं पाडून वर डोंगरावर नवी वसवली. बायदीचेंग, जिथे इ.स. २२३ मध्ये राजा लिऊ बेई वारला, ती टेकडी आता बेट झालीय.

आईला हे सगळं सांगितलं. तिचा पुढचा प्रश्न: "उन्हाळ्यात वर येतं का काही?" उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, म्हणून ती दर मे महिन्यात पाण्याची चौकशी करते. यांगत्सेवर पावसाळ्याआधी पातळी १४५ मीटरपर्यंत उतरवतात, पुराला जागा हवी म्हणून. काठावर उघड्या मातीचा पट्टा दिसतो. पण त्याच्याही खाली जे गेलं, ते सहसा वर येत नाही.

एक गोष्ट मात्र बघता येते. फुलिंगजवळ नदीत बायहेलियांग नावाचा लांब खडक आहे. पाणी फार उतरलं की तो उघडा पडायचा आणि लोक त्यावर दगडी मासे आणि नोंदी कोरायचे. सगळ्यात जुनी नोंद इ.स. ७६३ ची. मासे दिसले की पुढचं वर्ष पिकाचं, अशी समजूत. म्हणजे बाराशे वर्षांचा नदीचा लॉगच! धरणामुळे तो कायमचा बुडणार होता, म्हणून खडकाभोवतीच संग्रहालय बांधलं. २००९ पासून सरकत्या जिन्याने पाण्याखाली उतरून गोल खिडक्यांतून तो बघता येतो.

शीटमध्ये आता दोन रकाने वाढलेत. फुलिंगसाठी एक जादा दिवस, आणि महिना ऑक्टोबरऐवजी मे. काठ उघडे दिसतील, फोटो थोडे कमी सुंदर येतील. आई म्हणाली, "चालेल. निदान पाणी कुठवर चढतं ते तरी दिसेल."

तुमच्या घरात कुणाचं गाव धरणात गेलं असेल, तर आज त्यांना त्याचं नाव विचारा आणि एक व्हॉइस नोट करून ठेवा. भेटू पुढच्या भागात!