वाळूंतील कवचें आणि प्लास्टरचे नमुने

समुद्रकांठची चिमूटभर वाळू भिंगाखालीं धरली तर तिच्यांत पुष्कळदां शंखासारखीं नाजूक कवचें दिसतात. त्यांना फोरामिनिफेरा हें नांव १८२६ सालीं आल्सिद दॉर्बिन्यी या फ्रेंच तरुणानें दिलें. ला रोशेलजवळच्या एस्नांद गांवीं, डॉक्टर असलेल्या वडिलांच्या सहवासांत, त्याला हा नाद लागला.

पण जें डोळ्यांस जेमतेम दिसतें, तें दुसऱ्यास शिकवावें कसें? नुसत्या चित्रांवर त्याची भिस्त नव्हती. त्यानें मऊ चुनखडींत कितीतरी पट मोठ्या प्रतिकृति स्वहस्तें कोरल्या, त्यांवरून प्लास्टरचे ठसे काढविले, आणि असे १०० नमुने पंचवीस-पंचवीसांच्या चार संचांत विक्रीस ठेवले. त्यांत अश्मीभूत जातीहि होत्या. कवचाचे कप्पे आतां विद्यार्थ्याला बोटानें मोजतां येऊं लागले.

मौज अशी कीं, खुद्द दॉर्बिन्यी या जीवांना माकुळाच्या वर्गांतले समजत होता! १८३५ सालीं द्युजार्दैंनें जिवंत नमुने न्याहाळून ती समजूत खोडून काढली. उपपत्ति गेली, प्लास्टरचे नमुने मात्र टिकले, कारण आकार इमानानें कोरलेले होते. विसाव्या शतकांत तेलविहिरींतून निघालेल्या खडकाच्या चुऱ्यावरून थरांचें वय ठरवूं लागले, तेंहि याच चिमुकल्या कवचांच्या आधारें.